खिडकीतला कलांचो
कलांचो हे मूळचे मादागास्करचे, पानफुटीच्या नात्यातले छोटे झाड. जाड, चकचकीत, बोथट दात्यांची पाने आणि चार पाकळ्यांच्या इवल्या फुलांचे दाट गुच्छ ही त्याची ओळख. भिलाईत ते हिवाळ्यात फुलते, कारण कळी धरायला त्याला मोठी रात्र लागते: रोज सुमारे 14 तासांचा अखंड अंधार, तोही सलग 6 आठवडे. म्हणूनच रात्री उशिरापर्यंत दिवा जळणाऱ्या खोलीत पाने छान वाढतात, फुले मात्र येत नाहीत. अशा वेळी खत वाढवून उपयोग नाही. पानांत पाण्याचा साठा असतो, त्यामुळे माती वाळल्यावरच पाणी द्यावे, नाहीतर मुळे कुजतात. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा कुंडी पश्चिमेच्या खिडकीतून हलवावी. सुकलेले गुच्छ खुडावेत. पाने मांजर-कुत्र्यांना विषारी असतात.