दाढेतली चांदी

"बाई, सिमेंट नका भरू, चांदीच भरा."

तीस वर्षांत हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की आजचं बोलणं तिथूनच सुरू करते. आपल्याकडे चांदी म्हणजे पायातली जोडवी, अडीनडीला गहाण ठेवता येणारी वस्तू. दाढेत चांदी भरली म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. सिमेंट म्हणजे भिंतीची डागडुजी, आज लावलं आणि उद्या पडलं. या दोन शब्दांनी आपली मोठी फसगत केली आहे. त्या चांदीत वजनाने निम्मा पारा असतो. खऱ्या चांदीचा वाटा चौथ्या हिश्श्याच्या आसपास, फार तर तिसरा हिस्सा. बाकी कथील आणि तांबं. आम्ही डॉक्टर तिला अमाल्गम म्हणतो. जो धातू सर्वांत जास्त, त्याचं नाव पेशंटच्या कानावर कधी पडतच नाही.

पारा आपल्याला परका नाही, मंडळी. माझी आई धान्याच्या कोठीत पाऱ्याच्या गोळ्या टाकायची, किडे लागू नयेत म्हणून. थर्मामीटर फुटला की आम्ही पोरं तो चमकता थेंब तळहातावर घेऊन खेळायचो. सोन्याच्या अंगठीला पारा लागला की ती पांढरी पडते, हे कुठलाही सोनार सांगेल. पारा दुसऱ्या धातूला आपल्यात ओढून घेतो, आणि दाढेतली चांदी उभी आहे ती याच गुणावर. चांदी-कथलाची पूड पाऱ्यात घोटली की लोण्यासारखा गोळा होतो. तो दाढेच्या खड्ड्यात दाबून बसवायचा. काही तासांत तो असा घट्ट होतो की पुढची दहा-पंधरा वर्षं त्यावर खुशाल भाकरी चावावी.

हा गोळा माझ्या पिढीने हातांनी केला आहे. काचेच्या छोट्या खलात अंदाजाने पारा ओतायचा, पूड टाकायची, बत्त्याने घोटायचं. मग तो गोळा मलमलीच्या फडक्यात घेऊन चिमटीत पिळायचा. जास्तीचा पारा फडक्यातून थेंबाथेंबाने बाहेर यायचा. कुणी तो परत बाटलीत टाकायचं, कुणाचा फरशीवर सांडायचा आणि टेबलाखाली घरंगळायचा. हातमोजे नसायचे. खोलीला एकच खिडकी, तीही धूळ येते म्हणून बंद. पहिल्या खेपेला मला सातवा महिना होता आणि मी रोज खल फिरवत होते. मुलगी सुखरूप झाली, आज ती स्वतः आई आहे. पण पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही, तिला वास नाही, ती श्वासावाटे रक्तात जाते आणि वार ओलांडून गर्भापर्यंत पोचते, हे मला त्या वेळी कुणीही बसवून सांगितलं नाही. ही खंत मनातून गेलेली नाही, म्हणून आज इथे उभी आहे.

अमाल्गमवरचा वाद मात्र जुना आहे. 1833 मध्ये क्रॉकूर नावाच्या बंधूंनी हा पदार्थ न्यूयॉर्कला नेला आणि तिथे चांगलीच धूम केली. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या पहिल्या संघटनेने तर आपल्या सभासदांकडून तो न वापरण्याची शपथ घेतली. पुढे 1856 पर्यंत ती संघटनाच मोडली, अमाल्गम राहिलं. स्वस्त, मजबूत, आणि तोंडातल्या ओलीत भरलं तरी चालून जाणारं. गरीब माणसाची दाढ वाचवणारा दुसरा पदार्थ त्या काळी नव्हता. अमाल्गमला आज शिव्या देणाऱ्यांनी एवढं ऋण मान्य केलं पाहिजे.

मग गेली दीडशे वर्षं तोंडात चांदी घेऊन जगलेल्यांचं काय? तुमच्यातल्या अर्ध्याअधिक ज्येष्ठांचा हात आत्ता गालाकडे गेला असेल. नीट ऐका. भराव चांगला बसलेला असेल, खाली कीड नसेल, कड तुटली नसेल, तर तो काढू नका. चावताना त्यातून अगदी थोडी वाफ सुटते, पण सर्वसाधारण माणसाला तेवढ्याने आजार होतो असं अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. उलट मशीनने तो कोरून काढताना एकदम जास्त वाफ आणि भुकटी उडते. 'शरीरातलं विष काढतो' असं सांगून धडधाकट भराव उपटणारे लोक शहरांत आहेत. त्यांच्या नादी लागू नका. ज्यांना खरंच जपायचं, ते म्हणजे पोटातलं बाळ, अंगावर पिणारं बाळ, लहान मुलं, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रोज पारा हाताळणारे दवाखान्यातले आम्ही लोक.

मोठा धोका तोंडाबाहेर आहे. जपानच्या मिनामाता गावात चिस्सो नावाच्या कारखान्याचं पारामिश्रित पाणी वर्षानुवर्षं खाडीत जात होतं. आधी मांजरं वेडीवाकडी नाचत मरायला लागली, मग कोळ्यांच्या घरातली माणसं. 1 मे 1956 हा त्या रोगाची अधिकृत नोंद झाल्याचा दिवस. धड दिसणाऱ्या आयांच्या पोटी पंगू मुलं जन्मली. पारा पाण्यात गेला की गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो शेवाळात, शेवाळातून छोट्या माशात, तिथून मोठ्या माशात चढत्या प्रमाणात साठतो आणि शेवटी आपल्या ताटात येतो. दवाखान्यातला पारा म्हणजे कारखान्याचं सांडपाणी नव्हे, हे मला कळतं. पण जगात माणूस जाणूनबुजून जेवढा पारा वापरतो, त्यात दातांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने 2010 च्या सुमारास मांडलं होतं. हा काही चिमूटभर हिशेब नव्हे.

आता हे आपल्या बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यात आणून बघू. भराव करताना उडालेले कण पेशंट चूळ भरून थुंकतो. ते बेसिनमधून मोरीत, मोरीतून गटारीत, गटारीतून ओढ्यात. आपल्या बाजूचं पाणी मांजरा नदीकडे उतरतं. बालाघाटाच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा पुढे धनेगावच्या धरणात अडते आणि लातूरकर ते पाणी पितात. 2016 च्या उन्हाळ्यात ते धरण आटलं तेव्हा मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. ज्या मुलखात पाण्याची अशी किंमत मोजली आहे, तिथे मोरीत काय सोडावं याचा विचार घराघरात झाला पाहिजे. भराव असलेली काढलेली दाढही भट्टीत जाळायच्या कचऱ्यात टाकता कामा नये, कारण जाळलं की पारा हवेत जातो. आणखी एक गोष्ट सांगते, तिच्यात अनादर नाही: आपण आपली माणसं अग्नीला देतो, तेव्हा दाढांतला पाराही धुरावाटे बाहेर पडतो. काही देशांनी यासाठी दाहिन्यांना गाळण्या बसवल्या आहेत.

कायद्याचं थोडक्यात सांगते. मिनामाताच्याच नावाचा आंतरराष्ट्रीय करार 2013 च्या ऑक्टोबरात झाला आणि 16 ऑगस्ट 2017 पासून लागू झाला. भारताने 2014 मध्ये सही केली आणि 2018 च्या जूनमध्ये तो मंजूर केला. 2022 मध्ये सदस्य देशांनी ठरवलं, की दंतवैद्यांनी बाटलीतला सुटा पारा वापरायचा नाही आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या, गरोदर व स्तनदा बायकांच्या दातांत अमाल्गम टाळायचं. नॉर्वे आणि स्वीडन यांनी ते आधीच बंद केलं होतं, युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून केलं. 2025 च्या नोव्हेंबरात जिनिव्हाच्या बैठकीत जगासाठी मुदत ठरली: 2034. म्हणजे आज पहिलीत असलेलं पोर कॉलेजात जाईल तेव्हा दाढेतली चांदी इतिहासजमा झालेली असेल.

मला आनंद आहे, आणि धास्तीही आहे. शहरात चांदीची जागा दाताच्या रंगाच्या कंपोझिटने कधीच घेतली. राफाएल बोवेन या अमेरिकी संशोधकाने 1962 मध्ये त्याचं मूळ रसायन काढलं. पदार्थ सुंदर आहे, पण नखरेल. दात कोरडा ठणठणीत लागतो, थरावर थर द्यावे लागतात, प्रत्येक थरावर निळा दिवा धरावा लागतो, वेळ जातो, पैसे जातात. खेड्यातल्या माणसाला त्याचा खर्च सांगितला की तो शांतपणे म्हणतो, "काढूनच टाका, बाई." आणि दाढ जाते. चांदी बंद झाली आणि तिच्या जागी पक्कड आली, तर या कराराने आपल्या गावाचं काहीच भलं केलं नाही असं मी म्हणेन.

म्हणून आता त्या बिचाऱ्या सिमेंटकडे वळू. लवंगेचा वास येणारं जे सिमेंट चार आठवड्यांत पडायचं, ते तात्पुरतंच असतं. बदनामी त्याने केली. पण 1970 च्या सुमारास लंडनच्या सरकारी रसायनशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी वेगळंच सिमेंट घडवलं. त्याला ग्लास आयोनोमर म्हणतात. विशिष्ट काचेची पूड आणि आम्लाचं द्रव एकत्र कालवायचं, बस्स. हे दाताला नुसतं अडकून बसत नाही, रासायनिक रीतीने चिकटतं. शिवाय कडेला हळूहळू फ्लोराइड सोडतं, त्यामुळे शेजारचा भाग सहज किडत नाही. (आपल्या जिल्ह्यात काही ठिकाणी बोअरच्या पाण्यात आधीच जास्त फ्लोराइड आहे आणि मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. ते डाग म्हणजे कीड नव्हे, आणि भरावातलं फ्लोराइड इतकं थोडं असतं की त्याने डाग पडत नाहीत. हा प्रश्न मला दर शिबिरात विचारला जातो.)

ऐंशीच्या दशकात टांझानियात यो फ्रेंकेन या डच दंतवैद्याने एक पद्धत बसवली, आज तिच्यात हेच सिमेंट वापरतात. ती ऐकताना मला नेहमी वाटतं की ती आपल्यासाठीच बनवली आहे. मशीन नाही, वीज नाही, बहुतेक वेळा सुईही नाही. पोराला शाळेच्या बाकावर आडवं करायचं. कडेला कापसाच्या सुरळ्या ठेवायच्या. छोट्या चमच्यासारख्या हत्याराने कुजलेला मऊ भाग खरवडून काढायचा, तो निर्जीव असतो, दुखत नाही. कागदाच्या पॅडवर पूड आणि द्रव कालवायचं, खड्ड्यात भरायचं, आणि बोटाला व्हॅसलीन लावून ते बोट दाढेवर दाबून धरायचं. बोटाच्या दाबाने सिमेंट दाढेच्या बारीक खाचांतही शिरतं. उरलेलं काढायचं, चावून बघायला सांगायचं, आणि तासभर काही खाऊ द्यायचं नाही. झालं. दाढेच्या वरच्या पृष्ठावरचे लहान-मध्यम खड्डे असे उत्तम बुजतात. दोन दातांमधल्या मोठ्या खिंडारात हे सिमेंट कमी पडतं, तिथे वेगळा उपाय लागतो. ते लपवून मी तुम्हाला काही विकणार नाही. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे सिमेंट घातलं, आणि सोबत सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचा थेंबही. तो किडीवर नुसता लावला की कीड काळी पडते आणि थांबते. काळा डाग राहतो, पण दुधाच्या दाढेला तो चालतो. गंमत बघा, पाऱ्याशिवायची खरी चांदी दातांच्या कामी आली ती या थेंबात.

मग अडतं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतात, तपासायच्या गोष्टींत किडलेले दातही आहेत. पण पथक कधी येतं? दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबाप कोयत्यावर, पोर पाठीमागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. शाळेत तपासणी होते त्या दिवशी ज्याची दाढ ठणकते आहे ते लेकरू उसाच्या फडात असतं. तिथे दिवस उगवायच्या आत चहात बुडवलेलं बिस्किट, दुपारी पुन्हा तेच, रात्री दात घासायला ना पाणी ना उसंत. दुखलं की दाढेत तंबाखूची चिमूट. पाडव्याला परत येतात तोवर खड्डा मज्जेपर्यंत पोचलेला असतो, आणि मग माझ्याही हातात पक्कड घेण्यावाचून काही उरत नाही. सहा वर्षांच्या पोराची पहिली कायमची दाढ मी काढली आहे. आईला वाटत होतं ती दुधाची आहे. सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे येते ती दाढ पुन्हा येत नाही, हे कृपा करून आज घरी जाऊन सांगा.

माझं मागणं लहान आहे. हे सिमेंट जिल्हा रुग्णालयाच्या कपाटापुरतं न राहता ग्रामीण रुग्णालयात आणि शाळेच्या शिबिरात पोचावं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाची संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत, तिथे वर्षातून दोनदा दंततपासणी व्हावी. ग्रामपंचायतीने ठराव करून तसं लेखी मागावं. दवाखान्यात गेलात तर तुम्ही विचारा, "यात पारा आहे का?" गरोदर सुनेबरोबर गेलात तर आधी सांगा की ती गरोदर आहे. धान्यातल्या पाऱ्याच्या गोळ्या काढा आणि कडुनिंबाचा वाळका पाला घाला, आजी तेच करायची.

माझ्या दवाखान्यात एका घट्ट झाकणाच्या बरणीत पाण्याखाली जुन्या अमाल्गमचे तुकडे ठेवले आहेत, आणि शेजारी अर्धी भरलेली पाऱ्याची बाटली. गेल्या कित्येक वर्षांत ती उघडलेली नाही. असला घातक कचरा घेणारी केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा औद्योगिक भागांत आहेत, आणि तिथे एकट्या दवाखान्याची एक बरणी घेऊन जाणं सोपं नाही. परिसरातल्या दंतवैद्यांनी आपापल्या बरण्या एकत्र केल्या तर एका गाडीत जातील. त्यांच्याशी बोलायला मी सुरुवात केली आहे.

टोळ्या परत आल्या आहेत. जूनच्या मध्याला शाळा भरेल, आणि दिवाळीच्या आसपास कोयता पुन्हा निघेल. मधले चार-साडेचार महिने ही मुलं गावात आहेत. बाक शाळेत आहेत, सिमेंट मी आणते. तुम्ही फक्त मुलांना शिबिराच्या दिवशी न चुकता पाठवा, आणि नंतरचा एक तास कुणी त्यांच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊ नका.