जंपरची वेळच येऊ नये

व्यासपीठावरील मान्यवर, कारखाना निरीक्षक, यंत्रं घडवणारे अभियंते, आणि आज आग्रहाने पहिल्या रांगांत बसवलेले आमचे ऑपरेटर व मेंटेनन्सचे सहकारी, भोसरीत तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत. रात्रपाळी संपवून थेट इथे आलेल्यांचं विशेष स्वागत.

सुरक्षेच्या परिषदेत सेन्सर काही क्षण गप्प कसा करायचा, हा विषय काहींना खटकला. स्वागत समितीने तरी तो मागून घेतला. आपल्या भागात प्रेस शॉप आहेत, पॅकिंगच्या लाइन आहेत, आणि बोटं गमावलेली, आपल्या ओळखीची माणसंही आहेत.

पॅलेटायझरच्या तोंडाशी लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा, असतो. माणूस शिरला की यंत्र थांबायला हवं, भरलेलं पॅलेट बाहेर पडताना मात्र थांबायला नको. त्या किरणांना माणूस आणि पॅलेट सारखेच. म्हणून कर्टनला तेवढ्यापुरतं गप्प करणारे वेगळे म्यूटिंग सेन्सर बसवतात, निदान दोन आणि एकमेकांपासून स्वतंत्र. बाहेर पडणाऱ्या मालासाठी त्यांचे किरण बहुधा एकमेकांना छेदतात, आणि छेदनबिंदू कर्टनच्या आतल्या, धोक्याच्या बाजूला ठेवतात. दोन्ही किरण एकदम अडवायचे तर माणसाला आधी कर्टन ओलांडावा लागेल, आणि तिथेच यंत्र थांबेल. दोन्ही सेन्सर काही सेकंदांच्या आत लागले नाहीत, तर म्यूटिंग सुरूच होत नाही. एकावर चिकटपट्टी लावून भागत नाही. म्यूटिंगला कमाल वेळ ठरलेला असतो, आणि ते चालू असल्याचा दिवा सगळ्यांना दिसतो. पॅलेट आणि चौकट यांच्यात माणूस शिरेल एवढी फटही उरता कामा नये. इतका विचार त्यामागे आहे, म्हणून मला ही रचना मनापासून आवडते.

आता रात्रीचे अडीच. वीज गेली, आली, आणि पॅलेट कर्टनमध्ये अर्धवट अडकलं. ट्रक दारात उभा. अडकलेलं पॅलेट काढण्यासाठीच्या ओव्हरराइडची चावी ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांच्या घरी. मग कोणीतरी पॅनेल उघडतो आणि सेफ्टी रिलेच्या टर्मिनलवर वायरचा तुकडा, म्हणजे जंपर, मारतो. ट्रक सुटतो, वायर तिथेच राहते. सकाळच्या पाळीला कर्टनचे दिवे नेहमीसारखे दिसतात, पण यंत्र आता कोणासाठीच थांबणार नसतं.

त्या पोराला मेमो देऊन आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. अडकलेला माल काढण्याची सोय लाइनच्या आराखड्यातच हवी होती: दाबून धरली तरच चालणारी, सोडताच थांबणारी, आणि धोक्याची जागा नजरेसमोर राहील अशा ठिकाणी बसवलेली. 1948च्या कारखाने अधिनियमाच्या 21व्या कलमानेच सांगितलं होतं की यंत्र चालू असताना संरक्षक गार्ड जागेवर असलेच पाहिजेत. ती जबाबदारी मालकाची, म्हणजे माझ्यासारख्याची.

प्रेसवाल्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर स्लाइड वर जाताना कर्टन म्यूट करता येतो, तेवढ्यात ऑपरेटर जॉब काढून घेतो. पण कॅम सरकला तर म्यूटिंग खाली येणाऱ्या स्ट्रोकमध्ये शिरतं. ब्रेक झिजला तर थांबायला लागणारा वेळ वाढतो. हाताचा वेग मानकांत सेकंदाला 2 मीटर धरतात. प्रेस थांबायला 0.2 सेकंद लागत असतील तर कर्टन 400 मिलिमीटरहून जवळ नको, 0.3 लागले तर 600. आणि पिन क्लचच्या जुन्या प्रेसला कर्टन लावून उपयोग नाही. एकदा सुटलेला स्ट्रोक मध्ये थांबत नाही. तिथे डायभोवती पक्कं गार्डच हवं.

बाहेर मांडवात कन्व्हेयर, कर्टन आणि म्यूटिंगचा पूर्ण संच चालू ठेवला आहे. ऑपरेटर मंडळींनी तो फसवून पाहावा, आणि जमलं तर कसं जमलं ते दुपारच्या सत्रात अभियंत्यांना दाखवावं. जेवण दीड वाजता आहे. आता प्रमुख पाहुण्यांना विनंती करतो, परिषदेचं उद्घाटन करावं.