एकट्या आईचं बाळ आणि त्याचा विश्वास

पहाटे भाकरी बांधून शेतमजुरीला किंवा धुण्याभांड्याला निघणाऱ्या कितीतरी आया श्रीरामपूर परिसरात एकटीनं संसार ओढतात. कोरोनानं अनेकींचे पती हिरावले. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये राज्य शासनानं ‘मिशन वात्सल्य’ सुरू केलं, तालुक्यातालुक्यात समित्या नेमल्या.

अशा आईला सतत खंत असते, की लेकराला वेळच देता येत नाही. ताई, बाळाचा विश्वास तासांवर नव्हे, प्रतिसादावर उभा राहतो. रडल्यावर कुणी जवळ घेतं, बोलल्यावर कुणी ऐकतं, हे रोज अनुभवलं की ते निर्धास्त होतं. कामावरून आल्यावर आधी दहा मिनिटं त्याला मांडीवर घ्या. भाकरी थापताना पिठाचा गोळा त्याच्या हाती द्या, गप्पा मारा. गुपचूप निसटू नका, सांगून जा. राग अनावर झाला, तर क्षणभर बाजूला होऊन पाणी प्या.

अंगणवाडीतल्या पालक मेळाव्याला जरूर जा. बालसंगोपन योजनेत पात्र मुलासाठी दरमहा २२५० रुपये मिळतात. या योजनेची चौकशी महिला व बालविकास कार्यालयात करा. आईला आधार मिळाला, तरच बाळालाही मिळतो.