घट बसण्याआधी घरातल्या बाटल्या बघू या



घट बसायला आता थोडेच दिवस राहिले. घरोघरी आवराआवर सुरू झाली आहे. गोधड्या-वाकळा धुवायला निघाल्या, माळ्यावरची पितळी भांडी खाली आली, जाळीजळमटं निघाली. आणि बाजाराच्या पिशवीतून ॲसिडची बाटली, फिनेल, ब्लीचिंग पावडर, धुण्याची पावडर घरात आली. आज आम्ही या पिशवीबद्दल बोलणार आहोत. घर साफ करायचं काम बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतं. त्यामुळे या बाटल्यांतलं जे काही आहे, ते सगळ्यात आधी आपल्या हाताला, डोळ्याला आणि छातीला लागतं. त्यानंतर घरात रांगणाऱ्या लेकराला.

दुकानातलं सगळं वाईट आणि आजीच्या काळचं सगळं चांगलं, असं काही आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं साधं आहे. ज्या घाणीला जे लागतं ते वापरायचं, लागेल तेवढंच वापरायचं, आणि एकात दुसरं कधीही मिसळायचं नाही.

या शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करू, कारण ती जिवावर बेतणारी आहे. संडासाचं भांडं पिवळं पडलेलं असतं. आपण ॲसिड ओततो. डाग जात नाही, म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकतो. वाटतं, दोन औषधं एकत्र केली की दुप्पट काम होईल. पण ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, सैनिकांना मारायला जो विषारी वायू सोडला होता, तो हाच. आपला संडास म्हणजे चार फुटांची खोली, त्यात दार लोटलेलं. तिथे थोडासा वायूही डोळे आणि घसा जाळतो, खोकल्याची उबळ येते, दम लागतो. ज्यांना आधीच दमा आहे त्यांचे हाल विचारू नका. ब्लीचिंगमध्ये व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घातला तरी हाच वायू निघतो. बाजारात संडास साफ करायचं म्हणून जे मिळतं, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत ॲसिडच असतं, तेव्हा त्यावरही ब्लीचिंग टाकायचं नाही. चुकून मिसळलं गेलंच, तर पाणी ओतत तिथे उभं राहू नका. लगेच उघड्यावर या, दार सताड उघडं ठेवा, आणि खोकला किंवा दम थांबत नसेल तर दवाखाना गाठा.

आता बाटलीविषयी. सुटं ॲसिड, सुटं फिनेल कशात मिळतं? थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. ती बाटली मोरीच्या कोपऱ्यात, लेकराच्या हाताला येईल अशी उभी असते. त्याला काय कळणार आत काय आहे? पांढरं फिनेल पाण्यात घातलं की ताकासारखंच दिसतं. म्हणून खाण्यापिण्याच्या बाटलीत, डब्यात, तांब्यात यातलं काहीही ठेवायचं नाही, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. सुट्या ॲसिडबद्दल तर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की विकणाऱ्याने गिऱ्हाइकाचं ओळखपत्र पाहायचं, नोंद ठेवायची, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला ते द्यायचंच नाही. तेव्हा पोराला पैसे देऊन दुकानात ॲसिड आणायला पाठवू नका.

आणि समजा, लेकराने घोट घेतलाच. घाबरून आपण काय करतो? मिठाचं पाणी पाजतो, घशात बोट घालून उलटी काढतो. तसं करायचं नाही. ॲसिड खाली जाताना एकदा भाजतं आणि उलटीबरोबर वर येताना पुन्हा भाजतं. फिनेल किंवा रॉकेल असेल तर ते उलटी होताना फुप्फुसात शिरण्याची भीती असते. तोंड पाण्याने खळखळून धुवा, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही पाजू नका, १०८ नंबरला फोन करा, आणि दवाखान्यात जाताना ती बाटली सोबत न्या. आत काय होतं ते कळलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो. डोळ्यात उडालं असेल तर चोळू नका, स्वच्छ पाण्याची धार किमान पंधरा-वीस मिनिटं सोडा, आणि मग दवाखान्यात जा.

आता तुम्ही म्हणाल, मग घासायचं कशाने? तर आधी घाण कसली आहे ते बघू या.

तेलकट, खरकटी भांडी असतील तर चुलीची राख अजूनही चांगली. राखेत खार असतो, तो तेलाला धरतो. पण ती लाकडाची किंवा गोवरीची राख हवी. हल्ली चुलीत प्लास्टिकच्या पिशव्या, दुधाच्या पिशव्या पेटवायला घालतात. तसली राख भांड्याला लावू नका, आणि ते पेटवूही नका. तांब्या-पितळेचा काळेपणा आंबटाने जातो, म्हणून चिंच आणि मीठ, किंवा पिळलेल्या लिंबाची साल. त्याला ॲसिडची गरज नाही. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला मात्र धुण्याचा सोडा लावू नका. ते काळं पडतं आणि झिजतं.

कपड्यांचं बघू. आपल्याकडे विहिरीचं, बोअरचं पाणी जड असतं. साबण फेसत नाही, म्हणून आपण आणखी पावडर ओततो. जड पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवला तर साबण कमी लागतो. रिठ्याला तर जड पाण्यातही फेस येतो. आठ-दहा रिठे फोडून, बिया काढून, रात्रभर भिजवा, सकाळी उकळून गाळून घ्या. लोकरीचे, रेशमाचे कपडे, ठेवणीतलं लुगडं यासाठी हे पाणी सौम्य पडतं. पण रिठा झाडाला लागतो म्हणून तो निरुपद्रवी, असंही नाही. डोळ्यात गेला तर किती झोंबतो ते आपल्याला ठाऊक आहे. रिठ्याच्या पाण्याने मासेही मरतात, म्हणून ते ओढ्यात किंवा तळ्यात ओतायचं नाही.

मोरीतली शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे. तिच्यावर ॲसिड टाकलं की फसफसतं आणि आपल्याला वाटतं घाण निघतेय. निघते ती फरशीच. वरचा थर खाऊन टाकला की दगड खरखरीत होतो आणि पुढच्या वेळी त्यात दुप्पट घाण बसते. कडाप्प्याच्या ओट्याचंही तसंच, त्यावर लिंबूसुद्धा घासू नका. या दोन्हींना साबणाचं पाणी, थोडा सोडा आणि खराटा किंवा काथ्याची घासणी पुरते.

मोबाइलवर एक व्हिडिओ सारखा फिरतो, खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा आणि जादू बघा. फेस येतो खरा. पण आंबट आणि खार एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं जवळजवळ खारट पाणी. त्याने धोका नाही, पण पैसे वाया जातात. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, फक्त वेगवेगळ्या वापरा.

आता संडास. गावात आपल्यापैकी बऱ्याच जणींकडे दोन खड्ड्यांचं शौचालय आहे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा, आणि एक-दोन वर्षांत पहिल्यातल्या मैल्याचं वास नसलेलं खत होतं. हे खत कोण करतं? डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. रोज भांडंभर फिनेल आणि आठवड्याला ॲसिड ओतलं तर ते जिवाणू मरतात, मैला कुजायचा मंदावतो, आणि आपणच म्हणतो, खड्डा लवकर भरला, वास मारतो. सेप्टिक टाकीचंही असंच. रोजच्यासाठी लांब दांड्याचा ब्रश, पाणी आणि थोडा साबण पुरे. पिवळा डाग हा बहुतेक वेळा जड पाण्याचा क्षार असतो. दुकानात सायट्रिक ॲसिड म्हणून जे लिंबूसत्व मिळतं, ते दोन-तीन चमचे गरम पाण्यात विरघळवून रात्री डागावर टाका, सकाळी घासा. एका वेळेत नाही गेला तर चार वेळा करा.

मग जंतुनाशक कधीच वापरायचं नाही का? वापरायचं की! घरात कुणाला हगवण-उलट्या लागल्या असतील, गावात गॅस्ट्रोची साथ असेल, तेव्हा नुसत्या साबणावर भागवू नका. पंचायतीकडून टाकीत पडते ती टीसीएल पावडर म्हणजे ब्लीचिंगच. साधारण ३० टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर असेल तर १ लिटर पाण्याला सुमारे १६ ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत, उघड्यावर, तोंडाला पदर बांधून कालवा. आधी मैला आणि उलटी पुसून, धुऊन काढा, मग हे पाणी दहा मिनिटं राहू द्या. घाणीवर नुसतं ओतलं तर त्याची ताकद घाणीतच संपते. आणि पिशवी उघडी ठेवली तर पावडरीचा जोर उडून जातो. हात मात्र या पाण्याने नाही, साबणानेच धुवायचे.

उग्र वास आला म्हणजे घर स्वच्छ झालं, ही समजूत आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. वास हा बाटलीतला असतो. स्वच्छतेला स्वतःचा असा वास नाही. मोरीचं पाणी शेवटी जातं आपल्याच परसात, अळूच्या, केळीच्या आणि कर्दळीच्या बुडाशी, नाहीतर शोषखड्ड्यात. पावडर आणि सोडा मूठमूठ ओतला तर त्यातला क्षार तिथेच साठतो. चोपण जमिनीचं दुखणं काय असतं ते शेतात राबणाऱ्या बाईला आम्ही काय सांगावं?

शेवटचं बोलणं आपल्या बचत गटांसाठी. कितीतरी गट फिनेल आणि भांडी घासायचं लिक्विड बनवून विकतात. चार पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण भंगारातल्या थंड पेयाच्या बाटल्या स्वस्त पडतात म्हणून त्यात माल भरू नका. वेगळ्या आकाराची बाटली, घट्ट झाकण, आणि त्यावर मराठीत ठळक अक्षरांत लिहा: आत काय आहे, पाण्यात किती घालायचं, कशात मिसळायचं नाही, पिण्यासाठी नाही, मुलांपासून दूर ठेवा. वाचता न येणाऱ्या सासूबाईंसाठी लाल फुली काढा. बाटलीमागे एखादा रुपया जास्त लागेल. गिऱ्हाइकाला त्याचं कारण सांगा, ती समजून घेईल. ती आपल्याच गल्लीतली आहे आणि तिच्याही घरात लेकरू आहे.

गटाच्या येत्या बैठकीत एक काम करा. येताना प्रत्येकीने आपल्या मोरीतल्या बाटल्यांची यादी आणा. ज्या बाटलीवर नाव नाही, ती कशाची आहे ते आठवत नाही, किंवा जी पेयाच्या बाटलीत आहे, तिच्यापुढे खूण करा. घट बसायच्या आत त्या खुणेच्या बाटल्या घरातून हलल्या पाहिजेत. आणि ज्या राहतील त्यांची जागा लेकराच्या हाताच्या वर, कडी लावलेल्या फळीवर.