भोंगा उगाच वाजू नये म्हणून

चिमूर तालुक्यातल्या कोलारा, खडसंगीकडच्या गावांना ताडोबाचं जंगल अगदी लागून आहे. ताडोबालगतच्याच सीतारामपेठ गावात वाघाची चाहूल टिपून भोंगा वाजवणारे कॅमेरे 2023 मध्ये चर्चेत आले. कुठलाही भोंगा मात्र चार वेळा उगाच वाजला, की पाचव्यांदा कोणी उठत नाही.

तो उगाच वाजण्याचं एक कारण शेताच्या बांधावरच असतं: सौर कुंपण. त्याची झटका मशीन साधारण दर सेकंदाला काही हजार व्होल्टचा ठोका सोडते. भोंग्याच्या यंत्राला जोडलेली सेन्सरची वायर कुंपणाला समांतर गेली असेल तर तो ठोका तिच्यातही उमटतो आणि यंत्राला तोच इशारा वाटतो. म्हणून वायर कुंपणापासून लांबून न्यावी; ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. पीळ दिलेली, धातूच्या जाळीचं आवरण असलेली केबल घ्यावी आणि ते आवरण एकाच टोकाला, यंत्राच्या बाजूला, अर्थिंगला जोडावं.

खर्च वाचवायला कुंपण आणि यंत्र दोन्हींना एकच अर्थिंग देणं, ही घोडचूक. दोन्हींच्या अर्थिंगमध्ये किमान 10 मीटर अंतर हवंच.

मे महिन्यात जमीन सुकली की अर्थिंग नावापुरतीच उरते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावं. विजेच्या उसळीपासून यंत्र वाचवायला सर्ज प्रोटेक्टर बसवावा, पण वीज थेट कोसळली तर तोही हात टेकतो.

मृगाच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्या. 5 ओहमच्या आत आला तर उत्तम.