विठ्ठलवाडीला उतरल्यावरची दहा मिनिटं

हेडफोन लावून बदलापूर लोकलमध्ये लटकत असाल, तर आजचा एपिसोड तुमच्याच गाडीतला आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहायला उल्हासनगर, कॅम्प चार. दोन वर्षं मी रोज प्यायचो. ऐरोलीचं ऑफिस, ठाण्याला गाडी बदलायची, विठ्ठलवाडीला उतरायचं, आणि घराच्या आधी बार. सकाळी स्टँडअप कॉलला कॅमेरा बंद. "माझं कंट्रोलमध्ये आहे," हे मी आईला किती वेळा सांगितलं असेल, मोजलं नाही.

शेवटी आईने दोन दिवस जेवण सोडलं, तेव्हा समुपदेशकांकडे गेलो. वाटलं, आता लेक्चर. तसं काहीच झालं नाही. सरांनी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात थरथरतात, कधी फिट येते, जिवावरही बेतू शकतं. हे मला माहीतच नव्हतं. तुम्हीही परस्पर प्रयोग करू नका.

मग प्रश्न सुरू झाले. पहिला घोट किती वाजता? त्याआधीच्या तीन तासांत काय काय झालं? वहीत लिहून आण. मी म्हटलं, अरे, हे तर लॉग वाचणं झालं! सर्व्हर पडला की आपण सर्व्हरला शिव्या घालत नाही ना, मागचे लॉग उघडतो. पंधरा दिवसांच्या वहीत दिसलं की दीडला जेवल्यावर पोटात काही नाही, संध्याकाळी क्लायंटची बोलणी, मग गाडीत उभं राहून प्रवास. भूक, राग, एकटेपणा, थकवा. व्यसनमुक्तीच्या कामात ही चौकडी जुनीच आहे, मला नवीन होती.

उपाय ऐकून हसू आलं. ठाण्याच्या फलाटावर वडापाव खायचा. स्टेशनवरून दुसऱ्या गल्लीने घरी जायचं. त्या दहा मिनिटांत कुणाला तरी फोन करायचा. बस्स.

सरांकडूनच मुक्तांगणबद्दल कळलं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. तिथले कितीतरी समुपदेशक एकेकाळी तिथेच पेशंट म्हणून आले होते. आणि तिथे घरच्यांशीही बोलतात, कारण घरही आजारी पडलेलं असतं. मला हे फार पटलं. आमच्या घरी आई दार उघडताना जवळ येऊन माझा वास घ्यायची. मी चिडायचो, भांडण, आणि भांडण झालं की परत बार! ती दोनदा माझ्यासोबत सरांकडे आली, तेव्हा ते चक्र तिलाही दिसलं आणि मलाही.

चौथ्या महिन्यात मी घसरलो. ऑफिसची पार्टी. दुसऱ्या दिवशी सरांना फोन करायची लाज वाटत होती. ते एवढंच म्हणाले, "वही आण."

आता अकरा महिने झालेत. झोप लागते. कॅमेरा चालू असतो. आई अजून अधूनमधून वास घेते. मी दारात थांबतो.

नंबर लिहून घ्या. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६. मन फारच जड झालं असेल तर टेलिमानस, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. दोन्ही फुकट. चला, पुढच्या रविवारी भेटू. माझं स्टेशन आलं.