जलोपचार आणि श्रावकाचा विवेक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जैन दर्शनाने पाण्याला जड मानलेले नाही. अप्काय हा एकेंद्रिय जीव होय. म्हणूनच पाणी गाळून घ्यावे, गाळलेल्या पाण्याची एका मुहूर्ताची, म्हणजे ४८ मिनिटांची मर्यादा पाळावी आणि जिवाणी जपून पुन्हा जलाशयात सोडावी, हा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत तर ‘अस्नान’ हाच एक मूलगुण आहे. अशा समाजात जलचिकित्सेचा विषय निघाला की एखादी वृद्ध श्राविका हमखास विचारते, “गुडघ्याच्या दुखण्यासाठी टबभर पाणी खर्च करावे, यात दोष नाही का?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त निष्प्रयोजन पाणी सांडणे हे प्रमादचर्येत, म्हणजे अनर्थदंडात गणले आहे. दोष आहे तो ‘निष्प्रयोजन’ या शब्दात. गृहस्थाला प्रयोजनापुरते पाणी वर्ज्य नाही. मात्र ते प्रयोजन किती पाण्यात भागते, हे पाहणे त्याचे कर्तव्य आहे. येथे शरीरशास्त्र श्रावकाच्या बाजूने साक्ष देते. पाणी शरीरावर परिणाम करते ते प्रामुख्याने तीन मार्गांनी : तापमान, दाब आणि उत्प्लावन. यांपैकी तापमानाच्या उपचाराला फारच थोडे पाणी पुरते.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून ३७ अंशांपर्यंत तापताना १७ कॅलरी उष्णता शोषते. तेच पाणी त्वचेवरून वाफ होऊन उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी घेऊन जाते. (आहाराच्या कोष्टकातील कॅलरी हिच्या हजारपट मोठी असते, हे लक्षात ठेवावे.) म्हणजे तापाने फणफणलेल्या रुग्णाच्या अंगावरील ओलसर फडके बादलीभर पाण्याचे काम करू शकते. पोटावरील ओल्या पट्टीचेही तसेच. तांब्याभर पाण्यात सुती कापड भिजवून, घट्ट पिळून पोटाभोवती गुंडाळतात व त्यावर लोकरीचे वस्त्र बांधतात. प्रथम थंडाव्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. थोड्या वेळाने शरीर ते कापड स्वतःच्या उष्णतेने तापवते, रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि ऊब जाणवू लागते.

ही पट्टी सिलेशियातील ग्रेफेनबर्गच्या व्हिन्सेंट प्रीसनिट्झ (१७९९-१८५१) यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे बव्हेरियात सेबास्टियन क्नाइप या धर्मोपदेशकांनी आणि लाइपझिगमध्ये लुई कूने यांनी ही चिकित्सा लोकप्रिय केली. कूने यांचे कटिस्नान भारतात पोहोचले, त्यात महात्मा गांधींचा वाटा मोठा आहे.

१९०२ साली मुंबईत गांधीजींचे दहा वर्षांचे चिरंजीव मणिलाल विषमज्वराने आजारी पडले; सोबत न्यूमोनियाही होता. डॉक्टरांनी अंडी व कोंबडीचे सूप देण्यास सांगितले. गांधीजींनी शाकाहाराचे व्रत मोडण्यास नकार दिला. हा प्रसंग जैन कुटुंबांना अपरिचित नाही. आजही रुग्णाच्या खाटेशी अशीच परीक्षा द्यावी लागते. गांधीजींनी मुलाला तीन-तीन मिनिटांची कटिस्नाने दिली, पाणी मिसळलेला संत्र्याचा रस दिला. ताप १०४ अंशांवरून हटेना, तेव्हा चादर भिजवून, पिळून मुलाला तिच्यात गुंडाळले, वर घोंगड्या पांघरल्या, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. घाम फुटला आणि ताप उतरू लागला. ही कथा सांगताना दोन गोष्टी बहुधा गाळल्या जातात. त्याच डॉक्टरांनी मधूनमधून येऊन मुलाची नाडी व छाती तपासावी, अशी विनंती गांधीजींनी केली होती. आणि मुलगा बरा झाला तो ईश्वरकृपेने, पाण्याने की आहार व शुश्रूषेने, हे निश्चित कोण सांगणार, असेही त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले. मार्च १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळ उरुळीकांचन येथे निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले.

हा प्रांजळपणा आजच्या प्रचारात क्वचितच आढळतो. शरीरातील साठलेले ‘विजातीय द्रव्य’ पाण्याने बाहेर पडते, हा कूने यांचा सिद्धांत विज्ञानाने स्वीकारलेला नाही. घामातून मुख्यतः पाणी व मीठच जाते. शुद्धीकरण यकृत व मूत्रपिंडे करतात. सकाळी उठताच दीड-दोन लिटर पाणी एकदम पिण्याचा प्रघातही असाच. निरोगी मूत्रपिंडे तासाला साधारण एक लिटरपर्यंतच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून अधिक पाणी वेगाने प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते, आणि मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या रुग्णांना तर थोड्या अतिरेकानेही अपाय होतो.

आता गुडघ्यांविषयी. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिल्यास पायांवरील भार जवळजवळ निम्मा होतो, छातीपर्यंतच्या पाण्यात तो एक-तृतीयांशाच्याही खाली येतो. म्हणून तलावातील व्यायाम झिजलेल्या सांध्यांना सुसह्य होतो. झीज मात्र त्याने भरून येत नाही. तलावातील तेच पाणी अनेकांच्या उपयोगी पडते. घरच्या टबात हा लाभ मिळत नाही. घरी गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याचा शेक पुरेसा आहे. त्याने स्नायूंचा ताठरपणा सैल होतो आणि काही वेळ तरी वेदना कमी होते. गळ्यापर्यंत पाण्यात बसल्यास दाबामुळे हातापायांतील सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे सरकते. निरोगी हृदय ते सहज पेलते. दुर्बल हृदयाच्या व्यक्तीने मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय असे बसू नये.

सर्वांत मोठी सावधगिरी पर्युषण आणि दशलक्षण पर्वात हवी. निर्जल उपवासात शरीरातील द्रव आधीच घटलेला असतो. त्यात उष्ण पादस्नान वा बाष्पस्नान घेतल्यास त्वचेतील रक्तवाहिन्या पसरतात, घाम जातो, रक्तदाब उतरतो आणि तपस्वी भोवळ येऊन पडू शकतो. हे उपचार पारणे होऊन प्रकृती पूर्ववत झाल्यावरच करावेत. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर तपापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मधुमेही व्यक्तीच्या पायांना उष्णतेची जाणीव पुष्कळदा राहत नाही. तिच्यासाठीचे पाणी घरातील दुसऱ्या कोणी तरी कोपर बुडवून पाहावे, आणि पाय काढल्यावर तळवे व बोटांमधील जागा कोरडी करून नीट तपासावी.